साप पायाला चावला, मग छातीत कफ कुठून आला?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटच्या श्वासमार्गाला येणारी सूज, म्हणजे दाह. विषय जड वाटेल, पण ज्यांच्या घरातलं कुणी आयसीयूत राहिलंय, त्यांनी हे शब्द नक्की ऐकलेत: "कफ वाढलाय", "छातीत इन्फेक्शन झालंय", "नळीमुळे सूज आहे". ऐकलेत, पण समजावून कुणी सांगितलेलं नसतं. सांगायला वेळ नसतो, हेही खरं.

मी भूलतज्ज्ञ आहे, रोजचं काम आयसीयूतलंच. पण हा भाग मी डॉक्टर म्हणून सुचवून घेतलेला नाही. तो सुचला आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसल्यावर.

माझी मावशी राजूरची. जालन्यापासून २५ किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यातलं गणपतीचं राजूर. अंगारकीला जिथं पाय ठेवायला जागा नसते, ते. गेल्या पावसाळ्यात तिच्या मुलाला, माझ्या मावसभावाला, मण्यार चावली. जमिनीवर सतरंजी टाकून झोपला होता. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, खूणसुद्धा सापडत नाही. रात्री त्याचं पोट दुखायला लागलं, तर घरच्यांना वाटलं अपचन. पहाटे पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं, तेव्हा मावशीने पायाकडे बघितलं. १०८ ची गाडी आली. वाटेत श्वास उथळ झाला आणि गाडीतल्या डॉक्टरांनी अँब्यू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास दिला. शहरातल्या रुग्णालयात पोचल्या पोचल्या तोंडातून नळी घातली आणि व्हेंटिलेटर लावला. सापाचं औषधही दिलं.

चौथ्या दिवशी ताप आला. नळीतून पिवळा, घट्ट कफ यायला लागला. मी पोचलो तेव्हा मावशीने पहिलाच प्रश्न विचारला, "अरे बाबा, साप तर पायाला चावला ना? मंग छातीत घाण कुठून आली?"

आजचा सगळा भाग म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर.

फुप्फुस चांगलं होतं, मग मशीन कशाला?

मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर काम करतं. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. पापण्या पडतात, गिळता येत नाही आणि शेवटी छातीचा भाता हलवणारे स्नायू थांबतात. फुप्फुसाला काहीही झालेलं नसतं. भाता चांगला असतो, तो हलवणारा हात गळालेला असतो. आपल्याकडचं सापाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. पण मण्यारीच्या विषाने नसांची टोकं एकदा खराब केली, की औषध ती परत आणत नाही. ती नव्याने तयार व्हावी लागतात. त्याला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. तेवढा काळ मशीनने श्वास द्यायचा, एवढंच.

ही कल्पना नवी नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. मुलांचे श्वासाचे स्नायू निकामी होत होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र करून नळी घातली आणि हाताने फुगा दाबून श्वास दिला. मशीन पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे फुगे दाबले. तिथूनच आजच्या आयसीयूची सुरुवात मानतात. राजूरहून निघालेल्या त्या गाडीतही तेच चाललं होतं.

आपल्या भागात मशीनपर्यंत जाणारा दुसरा पेशंट म्हणजे फवारणीच्या औषधाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त जणांचा जीव गेला, ते तुम्हाला आठवत असेल. ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारच्या औषधात तर आधीच तोंडाला फेस, छातीत पाणी पाणी, आणि वर स्नायूंची ताकद जाते. म्हणजे श्वासमार्गाचा त्रास नळी घालायच्या आधीच सुरू झालेला असतो. मण्यारीच्या पेशंटचं तसं नसतं. त्याची छाती स्वच्छ असते. म्हणून मावशीचा प्रश्न रास्त होता.

नाकाने जे काम केलं असतं

आपण श्वास घेतो तेव्हा नाक तीन कामं करतं. हवा गाळतं, गरम करतं, ओलसर करतं. श्वासनलिकेतून पुढे जाईपर्यंत हवा ३७ अंशाला आलेली आणि बाष्पाने भरलेली असते. आत नळ्यांच्या अस्तरावर बारीक लव असते. तिच्यावर शेंबडाचा पातळ थर. ती लव सेकंदाला दहा-बारा वेळा वरच्या दिशेने हलते आणि धूळ, जंतू, जे काही अडकलं असेल ते घशाकडे ढकलते. आपण ते नकळत गिळून टाकतो. वर खोकला आहेच.

आता नळी घातली. ती तोंडातून, स्वरतंतूंच्या मधून, थेट श्वासनलिकेत. नाक बाद. पाइपलाइनमधून येणारा ऑक्सिजन कोरडा. म्हणून मशीनला पाणी गरम करणारं भांडं जोडतात किंवा नळीला एक छोटी डबी लावतात, तिला कृत्रिम नाक म्हणतात. ती हवी तशी चालली नाही, तर थर सुकतो, घट्ट होतो, लव मंदावते. आणि खोकायचं तर स्वरतंतू घट्ट मिटावे लागतात. मध्ये नळी असेल तर ते मिटणार कसे? म्हणजे घर झाडायचे दोन्ही झाडू गेले.

एक छोटा फुगा

नळीच्या खालच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. इंग्रजीत त्याला 'कफ' म्हणतात, पण आपला कफ वेगळा, म्हणून मी फुगाच म्हणतो. तो फुगवला की नळीच्या बाजूची फट बंद होते. मशीनची हवा बाहेर निसटत नाही आणि वरची लाळ खाली उतरत नाही. निदान उतरू नये अशी अपेक्षा असते.

यात अडचण अशी. फुग्याचा दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा असतो. कमी झाला तर बाजूने लाळ झिरपते. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, तिथं जखम होते, पुढे व्रण पडतो. म्हणून दर पाळीला दाब मोजायचा असतो, छोटा मीटर लावून. बोटाने दाबून "ठीक वाटतोय" म्हणणं पुरत नाही.

आणि दाब बरोबर असला तरी थोडी लाळ झिरपतेच. माणूस दिवसाला एक ते दीड लिटर लाळ गिळतो. मण्यारीचा पेशंट गिळूच शकत नाही. ती सगळी लाळ घशात, फुग्याच्या वर साचते. तोंडातले जंतू त्यात. आयसीयूत दोन-तीन दिवस राहिल्यावर तोंडातले नेहमीचे जंतू बदलून रुग्णालयातले जबर जंतू तिथं मुक्काम करतात. नळीच्या आतल्या बाजूलाही जंतूंचा चिकट थर धरतो, पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, अगदी तसा. त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही.

तर मावशीला मी सांगितलं ते हे: घाण सापाची नाही. तोंडातून उतरलीय, आणि बाहेर फेकणारी यंत्रणा सध्या बंद आहे.

दाह म्हणजे नेमकं काय?

पायात बाभळीचा काटा मोडला तर काय होतं? जागा लाल होते, सुजते, ठणकते, दोन दिवसांनी पू धरतो. तो सगळा शरीराचा बचाव आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात, रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी पाझरतं. यालाच दाह म्हणायचं. काटा निघाला की दाह ओसरतो.

श्वासनलिकेतली नळी हा असाच काटा. फरक एवढाच, की तो लगेच काढता येत नाही, कारण त्याच काट्यावर जीव आहे. म्हणून काही दिवस थोडाफार दाह प्रत्येक पेशंटला असतोच, जंतू असोत वा नसोत.

इथं तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण नातेवाइकांचा गोंधळ इथंच होतो.

पहिली, जंतू नुसते राहायला आलेले. कफ तपासला, रिपोर्टमध्ये जंतू सापडले, पण ताप नाही, ऑक्सिजनची गरज वाढलेली नाही. हा आजार नाही. नुसत्या रिपोर्टवर भारी अँटिबायोटिक देऊ नये.

दुसरी, श्वासनलिकेचा संसर्ग. ताप आहे, कफ वाढलाय, घट्ट झालाय, पण एक्स-रेमध्ये फुप्फुसावर नवा डाग नाही.

तिसरी, न्यूमोनिया. मशीन लावून ४८ तास उलटून गेल्यावर झाला तर त्याला व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया म्हणतात. एक्स-रेवर नवी सावली, ऑक्सिजनची गरज वाढलेली, पेशी वाढलेल्या. याला मात्र अँटिबायोटिक लागतं, साधारण सात दिवसांचं. आपल्याकडच्या आयसीयूत असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्यूडोमोनास ही नावं रिपोर्टवर वारंवार दिसतात. ती चिवट आहेत, कारण आपण अँटिबायोटिक उधळली आहेत.

माझ्या भावाचं प्रकरण दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर होतं. उजव्या बाजूला खाली हलकी सावली होती.

मशीनसुद्धा सूज आणतं

फुप्फुसात हवा किती ढकलायची, यावरही दाह अवलंबून असतो. एकेकाळी मोठमोठे श्वास देत. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ८६१ पेशंट, सगळे फुप्फुसाला गंभीर सूज आलेले. एका गटाला वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, दुसऱ्याला ६ चा. मोठा श्वास दिलेल्यांत जवळपास ४० टक्के दगावले, लहान श्वासवाल्यांत ३१ टक्के. नवीन औषध नाही, मशीनवरचा एक आकडा बदलला फक्त. जास्त ताणलं की फुप्फुसाच्या पेशी स्वतःच दाहाची रसायनं सोडतात, आणि ती रक्तातून किडनीपर्यंत पोचतात.

आणि वजन म्हणजे काट्यावरचं नाही, उंचीवरून काढलेलं. जेवून जेवून पोट वाढलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं हे वजन साधारण साडेएकसष्ट किलो येतं, म्हणजे ६ च्या हिशेबाने एक श्वास ३७० मिलिलिटरच्या आसपास.

म्हणूनच मशीन दाखवतं तो आकडा खरा असणं फार महत्त्वाचं. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, घाटी रुग्णालयाला पीएम केअर्समधून मिळालेली व्हेंटिलेटर नीट चालत नसल्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आला होता. तेव्हा बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं, की खोलीत मशीन असणं आणि ते बिनचूक चालणं यात अंतर असतं.

"सूज आहे तर स्टिरॉइड द्या ना"

हे मला मामाने विचारलं. कोविडमुळे हा शब्द घराघरात पोचलाय. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी अभ्यासाने दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं तर मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. तिथं शरीराचा दाहच हाताबाहेर गेला होता. पण तेच औषध गरजेपेक्षा जास्त, साखरेवर लक्ष न ठेवता दिलं गेलं, त्याचीही किंमत आपण मोजली. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे, जबडे नेले.

नळीमुळे जंतू वाढलेत, तर स्टिरॉइडने पहारेकरीच झोपवायचे का? नाही. पण नळी काढायच्या आधी मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो. ते पुढे सांगतो.

खरं औषध: साधी कामं

दाह कमी ठेवणारी कामं इतकी साधी आहेत, की लोकांना ती उपचार वाटतच नाहीत.

डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर. १९९९ साली बार्सिलोनातल्या एका अभ्यासात सपाट झोपवलेल्या पेशंटपैकी ३४ टक्क्यांत न्यूमोनियाचा संशय आला, डोकं वर ठेवलेल्यांत ८ टक्क्यांत. पेशंट फक्त ८६ होते, पण पलंगाची कळ फिरवायला पैसे लागत नाहीत.

तोंडाची सफाई. ब्रशने दात घासणं, लाळ ओढून घेणं. पूर्वी क्लोरहेक्सिडीनचं पाणी सगळीकडे वापरत, आता सरसकट वापरू नये असं सांगतात. ब्रश मात्र कायम आहे.

सक्शन गरजेपुरतं. "दर दोन तासांनी काढाच" असा हट्ट नको, कारण सक्शनची नळी प्रत्येक वेळी अस्तराला ओरखडते. कफ वाजतोय, मशीनवर दाब वाढलाय, ऑक्सिजन उतरतोय, तेव्हा काढायचं.

हात धुणं. सिस्टरचे, डॉक्टरांचे आणि आपलेही.

आणि सगळ्यात मोठं काम, नळी लवकर निघेल असं बघणं. रोज सकाळी विचारायचं: आज हा स्वतः श्वास घेऊ शकेल का?

आता एक नाजूक गोष्ट. पाचव्या दिवशी मावशीने राजूरच्या गणपतीचं तीर्थ आणलं, छोट्या बाटलीत. दोन थेंब तोंडात सोडायचे होते. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तोंडात नको, कपाळाला लावा. देवाला चालतं." मावशीने लावलं. मी त्या सिस्टरचे मनातल्या मनात पाय धरले. कारण ते दोन थेंब घशातून फुग्यावर आणि फुग्यावरून खाली गेले असते. श्रद्धा ठेवा, पण नळी असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, तीर्थ, नारळपाणी, काहीही नको.

सहावा दिवस

सहाव्या दिवशी मामा मला जिन्यात घेऊन गेला. म्हणाला, "विषाचं ठीक होतं, पण आता छातीत पू झालाय म्हणतेत. आता काय राह्यलं? पैसा संपत आलाय. घरी नेऊ का?"

हा प्रश्न मी डॉक्टर म्हणून शेकडो वेळा ऐकलाय. त्या दिवशी पहिल्यांदा नातेवाईक म्हणून ऐकला. कधी कधी "घरी नेऊ" हे बरोबर उत्तर असतं, जिथं मूळ आजारच परतणारा नसतो. पण इथं मूळ आजार बरा होणारा होता. नसांची टोकं उगवत होती. मधे आलेलं संकट नळीचं होतं, आणि त्याला उपाय होता. हा फरक कळला नाही, तर वाचणारा माणूस घरी जातो.

मी मामाला एवढंच म्हणालो, "त्याला अजून चार दिवस द्या. आणि त्याच्या खोलीत हे बोलू नका." कारण मण्यारीचा पेशंट बेशुद्ध नसतो. झोपेचं औषध कमी असेल तर तो सगळं ऐकतो. पापणी उचलता येत नाही, बोट हलत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की तो नाहीच.

सातव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी पायाचा अंगठा हलला.

नळी काढताना आणि काढल्यावर

नळी जास्त दिवस लागणार असेल, साधारण सात ते चौदा दिवसांच्या पुढे, तर डॉक्टर ट्रॅकिओस्टॉमी सुचवतात, गळ्यातून छोटं छिद्र करून नळी. "गळा कापणार" म्हणून घरचे हादरतात. पण त्याने तोंड मोकळं होतं, सफाई सोपी होते, झोपेचं औषध कमी लागतं. आणि नळी काढली की छिद्र बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप भरतं. आमच्याकडे तशी चर्चा झाली, गरज पडली नाही.

दहाव्या दिवशी नळी काढायचं ठरलं. आधी फुग्यातली हवा सोडून बघतात, बाजूने हवा निसटते का. निसटत नसेल तर स्वरयंत्राला सूज असण्याची शक्यता, मग नळी काढायच्या किमान चार तास आधीपासून स्टिरॉइड देतात. स्टिरॉइडची जागा ही. नळी काढल्यावर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर अॅड्रेनालिनची वाफ देतात आणि पेशंटवर डोळा ठेवतात. भावाला थोडा आवाज आला, दोन तासांत गेला.

घसा बसतो, गिळताना ठसका लागतो. हे काही दिवस ते काही आठवडे चालतं. म्हणून पहिला घोट डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

आता हे वाक्य मात्र लक्षात ठेवा. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दम लागायला लागला, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर त्याला दमा समजून पंप घेत बसू नका. फुग्याच्या जागी व्रण भरताना श्वासनलिका आक्रसलेली असू शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि "मला इतके दिवस नळी होती" हे आधी सांगा. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

जाता जाता

याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडला त्यांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, आणि ४० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू एक टक्क्यापर्यंत खाली आले. वेळेवर दिलेली साधी गोळी, आणि छातीत पाणी भरून मशीनपर्यंत जायची वेळच येत नाही. मण्यारीला अशी गोळी नाही. पण पावसाळ्यात खाटेवर झोपणं, मच्छरदाणी नीट खोचून घेणं, आणि रात्री उगाच पोट दुखून पापण्या जड झाल्या तर सकाळची वाट न बघणं, हे आहे.

भाऊ आता बरा आहे. आवाज थोडा बसकाच आहे अजून. परवा राजूरला गेलो तर मला म्हणाला, "दादा, तू खोलीत येऊन 'याला ऐकू येतं' म्हणालास ना, ते मला ऐकू आलं होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि त्याच्या आधीचं मामाचंबी."

मामा समोरच बसला होता. त्याने मान खाली घातली. भावाने त्याला चहा पुढे केला.

तुमच्या घरातलं कुणी मशीनवर असेल, तर आत जाल तेव्हा हात धुवा, पलंगाचं डोकं वर आहे का बघा, आणि त्याच्याशी बोला. तो ऐकत असेल असं धरूनच बोला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.